पोटातलं पाणी न हलवणारी गाडी

आमच्या घरापुढं एक गाडी आहे. ती उभी केली की बसते.

वाचणाऱ्याला वाटेल, ह्याचं व्याकरण चुकलं. अजिबात नाही. (चूक झाली ती गाडी घेण्यात!) अंबडला माझं ठिबकचं दुकान आहे. मोसंबीवाल्यांना आणि कापूसवाल्यांना नळ्या, जॉइनर, फिल्टर पुरवण्यात माझे केस पांढरे झाले. इतकी वर्षं मोटरसायकलवर फिरलो, तेव्हा सुखी होतो. मग जालन्याचे कांतीलालशेठ भेटले. शेठचा धंदा बियाण्यांचा, जीभ खडीसाखरेची. त्यांना त्यांची जुनी विलायती गाडी काढायची होती आणि मला बुद्धी नव्हती. असा योग जुळून आला.

"भाऊ, बाकीच्या गाड्यांना खाली लोखंडी स्प्रिंगा राहतात," शेठ म्हणाले. "हिला हवेचे फुगे हैत. चार चाकांवर चार फुगे. ही गाडी चालत न्हाई, तरंगते! पोटातलं पाणी हलणार न्हाई, बिलकुल!"

मी एक चक्कर मारली. खरंच पोटातलं पाणी हललं नाही. डोक्यातलं हललं असावं, कारण मी तिथंच हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघतो तर गाडी मागच्या डाव्या बाजूनं पार जमिनीला टेकलेली!

"अहो, तुमची म्हैस बसली बघा," बायको म्हणाली.

किल्ली फिरवली. गाडीच्या बुडाखाली घुर्रर्र असा आवाज सुरू झाला. (तिथं फुग्यांत हवा भरणारा एक छोटा कॉम्प्रेसर असतो. हे ज्ञान मला गाडी घेतल्यावर झालं.) आणि मग गाडी हळूहळू, कमरेवर हात ठेवून उठणाऱ्या माणसासारखी उठली. हे रोजचंच झालं. गल्लीतले लोक सकाळी दात घासत गाडी उठायची वाट बघत उभे राहायला लागले. कुणी विचारलं की मी सांगायचो, "विलायती हाय. रातभर आराम करते." आणि तरातरा घरात निघून जायचो.

हे असंच चाललं असतं. पण मधे आमच्या लेकीचं, स्वातीचं, बाळंतपण आलं.

स्वातीला दिलीय भोकरदन तालुक्यात, धावड्याला. जावईबापू पुण्याला कंपनीत, त्यांनी सगळी रजा बाळंतपणासाठी राखून ठेवलेली. पोरगी सासू-सासऱ्यांजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. आमच्या हिनं खोली रंगवून घेतली होती, गादी नवी भरली होती, बाळंतविड्यातली एवढीएवढी झबली शिवून पुन्हा पुन्हा घड्या घालत बसायची. आणि एक दिवस विहीणबाईंचा फोन आला.

"दादा, चार दिवसांनी पोरीचा सातवा सरून राह्यला. आठव्यात आमच्यात लेकीबाळीला घराबाहेर काढत न्हाईत. न्यायचं आसंल तर त्याच्या आत न्या. न्हाई तर मंग बाळंतपण इथंच."

हिच्या हातातलं झबलं खाली पडलं. त्यात जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्याच तपासणीला बजावून सांगितलं होतं, "प्रवास चालेल, पण धक्के बिलकुल नकोत." आणि भोकरदनच्या पुढचा रस्ता असा, की दही घेऊन निघालेला माणूस ताक घेऊन पोचतो.

व्याही भगवानराव मिरचीचे मोठे शेतकरी, माणूस सोन्यासारखा. ते फोनवर म्हणाले, "पाव्हणं, आमच्या पिकअपमधी दोन गाद्या टाकतो, सावकाश आणून सोडतो की."

मला हे झोंबलं! "पिकअप? माझी लेक हाय, मिरचीचं पोतं न्हाई! माझी गाडी घेऊन येतो. हवेवर चालते. पोटातलं पाणी हलणार न्हाई!"

सातवा महिना सरत आलेल्या लेकीबद्दल बापानं हे वाक्य बोलू नये, हे मला बायकोच्या डोळ्यांकडं बघितल्यावर कळलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी बसली ती उठलीच नाही.

किल्ली फिरवली. घुर्रर्र झालं. गाडी चार बोटं उठली, परत बसली. समोर लाल दिवा लागला. मी घाईनं पंक्चरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं, "हवा गेलीय, जल्दी ये." तो पंप घेऊन आला, चारी चाकं तपासून उभा राहिला.

"चारी चाकात हवा बराबर हाय, भाऊ."

"चाकातली न्हाई रे! गाडीतली!"

"गाडीतली?" त्यानं आत डोकावून बघितलं. "काचा खाली करा मंग."

त्याला चहा पाजून परत पाठवला. मग जालन्याहून एक गॅरेजवाले गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले. त्यांनी गाडीला वायर जोडली, बराच वेळ पडद्याकडं बघितलं, दोनदा सुस्कारा सोडला. (लॅपटॉपवाला मेकॅनिक आणि मोठा डॉक्टर सुस्कारा सोडायला लागले की समजून जावं.)

"फुगा गेला," ते म्हणाले. "बाहेरून मागवावा लागंल. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस? तवर आठवा लागतो!"

"गाडीला?"

"लेकीला!!"

ते गृहस्थ घाईघाईनं वायर गुंडाळून गेले. ही पायरीवर बसून होती. तिनं नुसता पदर डोळ्यांना लावला. ही भांडली असती तर मी समजू शकलो असतो. ही गप्प बसली की माझं काळीज खाली जातं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. फुगा, हवा, गळती. गळती! अरे, माझा जन्म गळत्या शोधण्यात गेला! बांधावर उभा राहून नुसत्या आवाजावरून खारीनं नळी कुठं कुरतडली ते सांगणारा माणूस मी. आणि माझ्याच अंगणात मी हात जोडून बसू?

हवेची गळती शोधायला साबणाचं पाणी मारतात. बुडबुडे आले की तिथं भोक. मी दुकानातून फवारणीचा पंप आणला, पाठीला लावला, त्यात पाणी भरलं आणि घरात सापडला तो शाम्पू ओतला. (तो हिचे केस गळू नयेत म्हणून डॉक्टरनं दिलेला निघाला. गळतीवरच वापरला, एवढंच माझं म्हणणं!) गाडीला जॅक लावून मी भर दुपारी गाडीखाली तोंड घालून फवारत बसलो. फेस अंगणातून गल्लीत गेला.

शेजारचे अंकुशराव रस्त्यानं चाललेले थांबले. "काय भाऊ, गाडीवर कसली कीड पडली, मावा का तुडतुडे?"

आणि त्याच क्षणाला मागच्या डाव्या चाकाच्या वर, काळ्या बारीक नळीतून फर्र फर्र बुडबुडे यायला लागले. पत्र्याला घासून घासून नळीला चीर गेलेली! "सापडली!" म्हणून मी ओरडलो आणि उठायला गेलो. मी गाडीखाली आहे हे विसरलो होतो. टेंगूळ आलं, पण आनंदापुढं टेंगूळ काय!

चिरेचा तुकडा कापून काढला. दुकानातून बारीक नळीचा ठिबकचा जॉइनर आणला, दोन्ही टोकांना नळी सरकवली, वरून तारेनं करकचून आवळली. किल्ली फिरवली. घुर्रर्र! गाडी उठली, आणि उठूनच राहिली.

ही जवळ येऊन वाकून बघायला लागली. "अहो, हे तर पाण्याचं हाय. हवेला चालंल का?"

"पाणी काय न् हवा काय, नळीला काय माहीत!" मी म्हणालो. (हे वाक्य ही मला अजून रोज एकदा ऐकवते.)

दोन दिवस गाडी ताठ उभी राहिली. मी रोज सकाळी लोकांना हाताला धरून दाखवायला आणायचो. तिसऱ्या दिवशी, म्हणजे स्वातीच्या सातव्या महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, आम्ही दोघं धावड्याला निघालो. काय सांगू तो प्रवास! जालना गेलं, भोकरदन गेलं, खड्डे खालून नुसते सरकत होते. मी शीळ घालत होतो. ही सुद्धा म्हणाली, "चांगली हाय गाडी." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याही खरेदीला तिनं चांगलं म्हटल्याची ही पहिली वेळ.

धावड्याला व्याह्यांच्या दारात, ओट्याला अगदी चिकटून गाडी लावली. अर्धी गल्ली गोळा झाली. जेवणं झाली. विहीणबाईंनी स्वातीची ओटी भरली, तिच्या केसांत गजरा माळला, आणि दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून उगाचच रडल्या. स्वातीला मागच्या सीटवर, ओट्याच्या बाजूला अलगद बसवलं. मग व्याह्यांनी सामान भरायला सुरुवात केली. गव्हाचे दोन कट्टे, तुरीच्या डाळीचा एक, तुपाचा डबा, शेंगदाण्याची गोणी.

"पाव्हणं, बस की आता," मी म्हणालो.

"लेकीची पाठवणी हाय, रिकामी जाती का?" म्हणत त्यांनी डिकी लावली आणि स्वातीच्या शेजारच्या सीटवर वाळल्या मिरचीचं टम्म भरलेलं पोतं टेकवलं.

फट्!

आणि मग सुस्स्स्स... असा एक लांबलचक आवाज आला. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलोय. जॉइनर सुटल्याचा! गाडी माझ्या डोळ्यांदेखत, सगळ्या गल्लीच्या साक्षीनं, माझ्या गरोदर लेकीला पोटात घेऊन, संथपणे खाली बसली.

गर्दीतले एक आजोबा कौतुकानं म्हणाले, "गाडी सुद्धा वाकून नमस्कार करती बघा पाव्हण्याची!"

"स्वाती!" ही किंचाळली.

आतून पोरीचा आवाज आला, "पप्पा, मी इतकी जड झाले का हो?" आणि हसायलाच लागली.

तिला काही झालं नव्हतं. पण दार उघडेना! गाडी बसल्यामुळं दाराची खालची कड ओट्याच्या दगडाला अडली होती. दुसऱ्या बाजूला मिरचीचं पोतं. मी घाईनं पोतं ओढलं, ते दाराच्या कुलपाला अडकलं आणि टर्रकन फाटलं. त्या मिरचीचा ठसका! आधी मी शिंकलो, मग व्याही, मग सगळी गल्ली. त्या सगळ्या शिंकांच्या वर आमच्या हिचा एकच आवाज, "स्वाती, तू शिंकू नको गं! तू न्हाई शिंकायचं!" पोरीनं पदरानं नाक गच्च दाबून धरलं होतं आणि हसून हसून गदगदत होती. दोघी विहिणींनी तिला दुसऱ्या दारानं हाताला धरून बाहेर काढलं, ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

विहीणबाई सूर्याकडं बघत म्हणाल्या, "दादा, दिवस मावळायच्या आत निघालात तर निघालात. उद्यापसून आठवा. मंग मी काय पाठवत नसते."

व्याही माझ्याजवळ येऊन अगदी हळू, लोकांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "पिकअप काढू का?"

इतक्या मायेनं विचारलं हो! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धक्के नकोत म्हणून सांगितलेलं. पिकअपमध्ये पोरीला घालायचं माझं धाडस होईना, आणि न्यायचं राहिलं तर हिच्या तोंडाकडं बघायचं धाडस त्याहून होईना. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

व्याह्यांनी सलीमभाईला फोन लावला. सलीमभाईचं फाट्यावर ट्रकांच्या हवेच्या ब्रेकचं दुकान. तो मोटरसायकलवर आला, पिशवी टाकून गाडीखाली शिरला आणि खालूनच ओरडला, "ये किन्ने लगाया?"

मी आभाळाकडं बघितलं.

"ये तो ठिबक का जोड है!" सलीमभाई बाहेर आला. त्याच्या हातात माझा जॉइनर, तारेसकट. "कौन है ये मिस्तरी?"

"हेच," आमची ही म्हणाली. एक क्षणसुद्धा थांबली नाही.

सलीमभाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "भाऊ, पानी ठंडे दिमाग का रहता. हवा गरम दिमाग की. वो इसमें रुकती क्या?"

"पण फुगा गेलाय म्हणत होते..." मी पुटपुटलो.

"फुगा एकदम बराबर है. नळीच गेली ती. बस."

त्यानं ट्रकच्या ब्रेकला लावतात तो पितळी जोड काढला, नळीची टोकं सरळ कापली आणि दोन मिनिटांत बसवला. दोन मिनिटांत! मी उड्या मारायच्या बेतात होतो. किल्ली फिरवली.

घुर्र नाही, काही नाही. गाडी ढिम्म.

"हो गया," सलीमभाई म्हणाला. "कॉम्प्रेसर गरम हुआ. गळती के पीछे दौड दौड के थक गया बेचारा. ठंडा हुआ तो उठेगा."

"आणि न्हाई उठला तर?"

"तो न्हाई उठा."

मग आम्ही सगळे कॉम्प्रेसर थंड व्हायची वाट बघत बसलो. विहीणबाईंनी सूप आणून गाडीच्या बुडाला वारा घालायला सुरुवात केली. आजोबांनी पटक्याचा पदर हलवला. व्याही पाण्याची बादली घेऊन धावले, सलीमभाईनं त्यांना अडवलं. मी मनातल्या मनात सगळे देव बोलावले. समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर उन्हाचा नुसता पट्टा उरला होता. ही स्वातीचा हात हातात घेऊन बसली होती आणि माझ्याकडं बघतही नव्हती. मी तिला म्हणालो, "चुकलं माझं. पिकअपला हो म्हणायला पायजे होतं." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. ती म्हणाली, "आता गप बसा, अन् किल्ली फिरवून बघा."

फिरवली.

घुर्रर्रर्र!

गाडी हलली. चार बोटं उठली. मी श्वास धरला. आठ बोटं. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गाडी पूर्ण उठली, सरळ झाली, आणि सलीमभाईनं जोडाला कान लावून सांगितलं, "अब बेफिकर जाव." माझा जीव भांड्यात पडला! मी सलीमभाईला मिठीच मारली. तो म्हणाला, "छोडो भाऊ, ग्रीस है." विहीणबाईंनी स्वातीवरून भाकरतुकडा ओवाळला, थोडा विचार केला आणि गाडीवरूनही ओवाळला. फाटलेलं मिरचीचं पोतं व्याह्यांनी ओट्यावरच ठेवून घेतलं. म्हणाले, "हे मागून पाठवतो. पिकअपनं."

ऊन पूर्ण जायच्या आत आम्ही वेस ओलांडली.

परतीचा प्रवास स्वातीला विचाराल तर मस्त झाला. ती भोकरदनच्या आधीच झोपली. माझं मात्र लक्ष सगळं कानात. कुठं 'सुस्स' ऐकू आलं की मी गाडी थांबवून खाली उतरायचो. पहिल्या वेळी ती सोड्याची बाटली होती, हिनं उघडलेली. दुसऱ्या वेळी रस्त्याकडेच्या धाब्यावरचा कुकर. तिसऱ्या वेळी मी जॅक काढून गाडीखाली झोपलो, तेव्हा कळलं की स्वाती झोपेत श्वास सोडतेय. बैलगाड्या आम्हाला मागं टाकून गेल्या. एका गाडीवानानं तर विचारलं, "ढकलू का?"

रात्री उशिरा जालन्याला पोचलो आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो, कारण आल्या आल्या तपासून घ्यायचं ठरलं होतं. आत स्वाती आणि ही, बाहेर बाकड्यावर मी. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हसतच.

"एकदम छान आहे. बाळही छान. प्रवास केलाय असं वाटतच नाही. कशातून आणलंत हो?"

मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि दवाखाना माझ्याभोवती गोल फिरायला लागला. पुढचं मला हिनं सांगितलं. मी बाकड्यावरून गाडीसारखाच, डाव्या बाजूनं, संथपणे खाली बसलो म्हणे.

रक्तदाब मोजला. आकडा बघून सिस्टरनं मशीन बिघडलंय का म्हणून हलवून बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोरीला घरी न्या. ह्यांना मात्र सकाळपर्यंत इथंच राहू द्या. ह्यांना हलवायचं नाही, धक्का तर बिलकुल नको." अख्ख्या दवाखान्यात एकच खाट रिकामी होती, बाळंतिणींच्या खोलीतली. मला तिथं पडदा लावून झोपवलं. पलीकडं दोन बाया आणि त्यांच्या सासवा पडद्याआड खुसुखुसु हसत होत्या. मी लाजून चादर डोक्यावरून ओढून घेतली. पण खरं सांगू का? आत मी सुद्धा हसत होतो. डॉक्टरीणबाईंच्या ड्रायव्हरनं आमची गाडी चालवत नेली, आणि हिचा फोन आला, लेक घरी पोचली होती. नव्या गादीवर झोपली होती.

तेवढ्यात रात्रपाळीची सिस्टर आली. फायलीतून मान वर न काढता, चादरीकडं बघून तिनं विचारलं, "कितवा महिना?"

मी आतूनच खरं ते सांगितलं.

"गाडी घेऊन सातवा."